कोणतं इंजेक्शन दिलं हो?

जानेवारीत आमच्या नानांना न्यूमोनिया झाला होता. आता बरे आहेत, बागेत फिरतात, मजुरांवर ओरडतात, म्हणजे पूर्णच बरे म्हणायचे. तेव्हा लिहायचं राहूनच गेलं, पण परवा रात्री साडेदहाला मैत्रिणीचा फोन आला, तिच्या सासऱ्यांना नानांना दिलं होतं तेच, सेफ्ट्रायॅक्झोन नावाच्या अँटिबायोटिकचं इंजेक्शन सुरू झालंय आणि ती घाबरून एकामागोमाग एक विचारत होती, दूध द्यायचं का, आंघोळ घालायची का, इतकी जड औषधं झेपतील का, आणि मी पाऊण तास बोलत होते. फोन ठेवल्यावर वाटलं की हे सगळं एकदा लिहूनच टाकावं. मी डॉक्टर नाही हं, नाशिकच्या अंबडमधल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. हे सगळं नानांच्या कॉटशेजारी बसून, सिस्टर आणि डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून कळलेलं आहे, तुमच्या पेशंटचं तुमचे डॉक्टरच ठरवणार.

तर झालं असं की नाना राहतात निफाड तालुक्यात, द्राक्षबाग आहे, वय ७१. जानेवारीत निफाडची थंडी कशी असते ते इकडच्या माणसाला सांगायला नको, पारा एकदम खाली गेला की मणी तडकायची भीती, मग पहाटे उठून बागेला पाणी सोडायचं, बांधाला शेकोट्या पेटवायच्या. नाना चार रात्री हेच करत होते. दादा म्हणत होता मी करतो तुम्ही झोपा, पण ऐकतील तर ते नाना कसले. आता थंडीने न्यूमोनिया होत नाही, तो जंतूंनी होतो हे मला माहितीये, पण जागरण, शेकोटीचा धूर आणि चाळीस वर्षांची बिडी एवढं असल्यावर जंतूला आणखी काय पाहिजे.

पाचव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. गावात एक जण आहेत, घरी येऊन सुई देतात. त्यांनी दोन दिवस सुई दिली, घाम येऊन ताप उतरायचा, संध्याकाळी परत चढायचा. तिसऱ्या दिवशी नानांनी दादाला माझ्या वारलेल्या काकांच्या नावाने हाक मारली. तेव्हा दादा घाबरला आणि गाडीत घालून सरळ नाशिकला घेऊन आला. कोरोनात घेतलेलं ते बोटाला लावायचं मशीन माझ्याकडे होतं, लावलं तर ऑक्सिजन ८९. श्वास मोजला तर मिनिटाला ३२. म्हाताऱ्या माणसात कधीकधी ताप खोकला फार दिसतच नाही, नुसतं बरळणं आणि मलूल पडणं दिसतं, हे मला नंतर कळलं, आणि श्वास मिनिटाला ३० च्या वर गेला की घरी थांबायचं नाही हेही.

दवाखान्यात एक्स-रे काढला, उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात पांढरा ढग. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "गावात कोणतं इंजेक्शन दिलं हो?"

सगळे गप्प. दादा म्हणाला, "छोटी बाटली होती मॅडम, पिवळसर औषध होतं." आई म्हणाली, "तापाचं होतं." बस. दोन दिवस माणसाच्या शिरेत काहीतरी गेलं आणि ते काय होतं हे घरातल्या एकाही माणसाला माहीत नाही. त्या चिडल्या नाहीत, पण समजावून सांगितलं की ते अँटिबायोटिक असेल तर आता थुंकीच्या आणि रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, जंतू कदाचित उगवणारच नाही, आणि नुसतं वेदनाशामक किंवा स्टिरॉइड असेल तर ताप दबला आणि आत आजार वाढत गेला. दोन्हीकडून आपलंच नुकसान.

दुसरा प्रश्न, कुठल्या औषधाची ॲलर्जी? आम्ही नाही म्हणणारच होतो तेवढ्यात आईला आठवलं की खूप वर्षांपूर्वी पायाला खिळा लागला होता तेव्हा एका सुईने नानांच्या अंगभर गांधी उठल्या होत्या. कोणती सुई? माहीत नाही. पेनिसिलिन असू शकतं असं डॉक्टर म्हणाल्या, पण खात्री कशी देणार. मग विचारलं की तेव्हा श्वास कोंडला होता का, ओठ सुजले होते का, बेशुद्ध पडले होते का. नुसत्या गांधी आणि जीवावर बेतणारी रिॲक्शन यात फार फरक असतो म्हणे. नानांना जे द्यायचं होतं ते सेफ्ट्रायॅक्झोन, पेनिसिलिनचं लांबचं भावंड, आणि पेनिसिलिनची ॲलर्जी असणाऱ्यातल्या फार थोड्यांनाच याचाही त्रास होतो. पण थोड्यांना का होईना होतो, म्हणून त्यांना सांगायलाच लागतं. आधी टेस्ट डोस दिला, मग पूर्ण डोस सावकाश, आणि सिस्टर तिथेच उभ्या. आणि टेस्ट डोसला काही झालं नाही म्हणजे पुढे काही होणारच नाही असंही नाही, म्हणून इंजेक्शन झाल्यावर अर्धा तास तरी दवाखान्यातच थांबायचं. अंगाला खाज, गांधी, ओठ किंवा चेहरा सुजणं, छाती आवळणं, चक्कर, यातलं काहीही वाटलं तर लगेच ओरडायचं, लाजायचं नाही. असल्या औषधाचा पहिला डोस घरी कॉटवर बसून घ्यायचाच नाही, कितीही ओळखीचा कंपाउंडर असला तरी.

आता हे सेफ्ट्रायॅक्झोन म्हणजे काय तर मेडिकलवर मोनोसेफ वगैरे नावांनी मिळतं ते. पांढरट पिवळसर पावडर असते वायलमध्ये म्हणजे छोट्या बाटलीत, त्यात डिस्टिल्ड वॉटर घालून विरघळवतात, विरघळलं की फिकट पिवळं दिसतं, तो रंग नॉर्मल आहे, मी उगाच घाबरले होते. या जातीच्या औषधांची गोष्ट मजेशीर आहे, १९४५ मध्ये इटलीतल्या सार्डिनिया बेटावर ब्रोत्झू नावाच्या प्राध्यापकाला समुद्रात जिथे गटाराचं पाणी येऊन मिळतं तिथे एक बुरशी सापडली जी जंतू मारत होती, त्या बुरशीपासून पुढे हे सगळं सेफालोस्पोरिन खानदान निघालं. आपण गोदावरीला मिळणारे नाले बघून नाक दाबतो, आणि तो माणूस तिथे जाऊन नमुने घेत होता.

नानांना २ ग्रॅम, रोज एकदा, सकाळी ११ ला. सोबत ॲझिथ्रोमायसिनची गोळी, कारण न्यूमोनिया करणारे काही जंतू असे असतात ज्यांना सेफ्ट्रायॅक्झोन लागूच पडत नाही. शेजारच्या कॉटवरच्या पेशंटला दिवसातून तीनदा इंजेक्शन होतं तर दादाला वाटलं आपल्या नानांना कमी औषध देताहेत. तसं नसतं. प्रत्येक औषध रक्तात किती वेळ टिकतं त्यावर ते अवलंबून आहे, सेफ्ट्रायॅक्झोन निम्मं व्हायलाच साधारण ८ तास घेतं म्हणून २४ तासांनी एकदा पुरतं, दुसरी काही औषधं लवकर निघून जातात म्हणून ती ६ किंवा ८ तासांनी द्यावी लागतात. पण म्हणूनच वेळ पाळायची. आज ११ ला, उद्या दुपारी ४ ला, परवा आठवेल तेव्हा, असं चालत नाही. एखादा चुकलाच तर फोन करून विचारायचं, दुसऱ्या दिवशी दोन एकदम घ्यायचे नाहीत.

आणि हो, लेव्होफ्लॉक्सासिन नावाचं दुसरं अँटिबायोटिक का नाही देत असं दादाने गुगल करून विचारलं. त्यावरचं उत्तर मला आवडलं. आपल्याकडे टीबी खूप, आणि ते औषध टीबीच्या जंतूवरही थोडं काम करतं, मग पेशंटला चार दिवस बरं वाटतं आणि खरा आजार झाकला जातो. म्हणून नानांची थुंकी आधी टीबीसाठी पाठवली होती, ती निगेटिव्ह आली.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. साधारण दोन-तीन दिवसात फरक दिसायला पाहिजे, ७२ तासांनंतरही ताप तसाच असेल तर परत विचार करायला लागतो, छातीत पू झालाय का, जंतू दुसराच आहे का. नानांना भूक लागली, बिडी मागितली, म्हणजे गाडी रुळावर. चौथ्या दिवशी राउंडला डॉक्टर म्हणाल्या की आता इंजेक्शन बंद करून गोळी सुरू करू. आणि दादा भडकला. "मॅडम, एवढं लांबून आणलंय, पैशाचं बघू नका, सुईच ठेवा, गोळीने काय होतंय."

हे दादाचंच नाही, आपल्याकडे सगळ्यांचंच आहे. सुई म्हणजे खरं औषध, गोळी म्हणजे बोळवण. सुई न देता पाठवणारा डॉक्टर लोकांना आवडतच नाही. इंजेक्शन शिरेतून देतात कारण सुरुवातीला माणूस इतका आजारी असतो की पोटातून औषध नीट शोषलं जाईल की नाही भरवसा नसतो, आणि औषध लगेच रक्तात पोचायला पाहिजे असतं. ताप गेला, बीपी नीट झालं, ऑक्सिजन लावायची गरज संपली, माणूस खायला लागला की गोळीही तेवढंच काम करते, आणि वर शिरेतली सुई निघते, जी स्वतःच जंतूंना आत यायचा रस्ता असते. डॉक्टरांनी हे शांतपणे सांगितलं, दादाला पटलं नाही.

मला वाटतं त्याला पटलं ते नानांच्या एका वाक्याने, द्राक्षावरच्या डाऊनी नावाच्या बुरशीच्या रोगाबद्दलच्या. नाना पडल्यापडल्या म्हणाले, "अरे डाऊनीला एकच औषध दर चार दिवसाला मारलं तं काय होतं?" दादा म्हणाला, "मग ते लागू पडत नाही." "मंग?" नाना म्हणाले आणि कूस बदलली.

मला तेव्हा कसंतरीच झालं, कारण बागेच्या बाबतीत आमच्या घरात सगळ्यांना सगळं कळतं. एक्सपोर्टचा माल म्हणजे ग्रेपनेटला, निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी नोंदणीत, बाग नोंदवायची, फवारणीचं रजिस्टर ठेवायचं, त्यात तारीख, औषधाचं नाव, त्यातला घटक, लिटरला किती, कशासाठी मारलं, काढणीला किती दिवस बाकी, सगळं. नानांनी एक फवारणी नोंदवायची सोडलेली नाही. भुरीला काय, करप्याला काय, कोणत्या दुकानातून आणलं, बिल कुठंय. आणि त्याच माणसाच्या स्वतःच्या हातात दोन दिवस काय गेलं ते "पिवळसर औषध". त्या दिवशी मी पर्समधली वही काढली आणि लिहायला सुरुवात केली. तारीख, वेळ, नाव, डोस, कोणत्या हाताला, नंतर काय झालं. सिस्टर पहिल्यांदा हसल्या, मग स्वतःच सांगायला लागल्या, "ताई लिहा, आज सलाईन बदललं."

बरं गोळी त्या दिवशी सुरू झालीच नाही. नानांना दुपारपासून उलट्या सुरू झाल्या, पोटात काही टिकेना, मग डॉक्टरांनीच सांगितलं की इंजेक्शन चालू ठेवू. दादाचा चेहरा असा की बघा, मी म्हणत होतो. पण कारण वेगळं होतं ना बाबा.

पाचव्या दिवशी संध्याकाळी डिस्चार्ज, हातात इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत बसवून ठेवलेली सुई, तशीच ठेवून, अजून दोन इंजेक्शनं आमच्या घराजवळ कुठेतरी घ्यायची, मी पाथर्डी फाट्याला राहते. इंट्राकॅथचं लक्ष ठेवायला लागतं, ते कुणी नीट सांगत नाही. पाणी लागू द्यायचं नाही, आंघोळीला प्लॅस्टिकची पिशवी बांधायची. भोवती लाल झालं, दुखायला लागलं, शीर दोरीसारखी कडक लागली, किंवा हात फुगला तर सुई आउट झाली समजायचं आणि काढायला लावायची, उगाच एकच दिवस राहिलाय म्हणून त्याच शिरेत रेटायचं नाही. नानांची पहिली चौथ्या दिवशी आउट झाली होती, मनगटापासून कोपरापर्यंत हात सुजला होता, दुसऱ्या हाताला नवीन लावली.

आता ज्याच्यासाठी मी हे मुख्य लिहायला बसले ते. घराजवळच्या एका छोट्या दवाखान्यात सहावं इंजेक्शन घ्यायला गेलो. उलट्यांमुळे अशक्तपणा होता म्हणून तिथल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं. तिथला मुलगा सिरिंज भरून आला आणि म्हणाला, "चालू सलाईनमध्येच सोडतो, दोनदा टोचायला नको." माझं लक्ष बाटलीवर गेलं, आरएल. रिंगर लॅक्टेट, सलाईनचाच एक प्रकार. मोठ्या दवाखान्यातल्या सिस्टरने मला वहीत लिहून दिलं होतं की सेफ्ट्रायॅक्झोन आरएलमध्ये मिसळायचं नाही, त्यात कॅल्शियम असतं आणि दोन्ही एकत्र आले की खडूसारखे कण तयार होतात. तान्ह्या बाळांना तर हे जीवघेणं ठरलेलं आहे. मोठ्या माणसांना दोन्ही एकापाठोपाठ देता येतात पण मध्ये नळी साध्या सलाईनने नीट धुवून, एकाच वेळी एकाच नळीतून नाही. मी म्हटलं, "भाऊ, आरएल आहे ना हे? आधी डॉक्टरांना विचारता का?" तो वैतागला, पण गेला. डॉक्टर स्वतः आले, आरएल बंद केलं, नॉर्मल सलाईनने फ्लश केलं, मग औषध १०० मिलीच्या नॉर्मल सलाईनमध्ये घालून अर्धा तास लावून दिलं. मला सॉरी वगैरे कुणी म्हणालं नाही, मीही विषय वाढवला नाही. पण त्या रात्री मला झोप नाही आली, विचार हाच की वही नसती तर.

अजून एक तसंच. हे इंजेक्शन कधीकधी कंबरेत पण देतात, खूप दुखतं म्हणून त्यात लिग्नोकेन म्हणजे भुलीचं औषध मिसळतात. ते मिसळलेलं शिरेत कधीही द्यायचं नाही. तुमच्या वायलसोबत लिग्नोकेनची छोटी बाटली आली असेल तर घरी येणाऱ्या माणसाला ते आधी दाखवा आणि कसं देणार ते विचारा.

या कॅल्शियमवरून घरात वेगळाच गोंधळ झाला. मी आईला आरएलचं सांगितलं, आईने आत्याला, आत्याने फॅमिली ग्रुपवर टाकलं की या औषधावर दूध दही विषासारखं. दोन दिवस नानांना चहापण कोरा. अहो, शिरेतल्या कॅल्शियमचा प्रश्न आहे, पोटातल्या दुधाचा नाही! दूध, दही, ताक, नाचणी सगळं चालतं. मैत्रिणीलाही तेच सांगितलं. ताक मात्र नाना स्वतःच मागत होते, अँटिबायोटिक गरम पडतं म्हणून, आणि आई देत नव्हती, खोकला वाढेल म्हणून. त्या भांडणात मी पडले नाही.

पोट मात्र बिघडू शकतं, कारण हे औषध आतड्यातले चांगले जंतूही मारतं. एखाददोन वेळा पातळ झाली तर पाणी, ओआरएस. पण पाण्यासारखे जुलाब वारंवार, पोटात कळा, रक्त किंवा ताप असेल तर लगेच डॉक्टर, आणि मेडिकलवरून जुलाब थांबवायची गोळी स्वतःच्या मनाने आणायची नाही. हे कोर्स संपल्यावर महिना-दोन महिन्यांनीही होऊ शकतं, तेव्हा सांगताना त्या इंजेक्शनचं नाव सांगायचं. उजव्या बरगडीखाली दुखणं, डोळे पिवळे, लघवी गडद, हेही कळवायचं, पित्ताशयात याचा गाळ साठतो काहींना, बहुतेक वेळा औषध थांबलं की जातो. रक्त पातळ करायची वॉर्फरिन चालू असेल तर आधीच सांगा, रक्ताची तपासणी लवकर करायला लागते. आणि नानांच्या मित्रमंडळींसाठी, सेफोपेराझोन म्हणून याच खानदानातलं इंजेक्शन आहे, त्याच्यावर दारू घेतली तर तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्या. संपल्यावरही तीन दिवस नको. नानांना मी सगळ्याच इंजेक्शनांचं तसंच असतं असं सांगून टाकलंय, माफ करा.

सात दिवसांनी इंजेक्शन संपलं. किती दिवस द्यायचं ते पेशंटवर आहे, साधारण ५ दिवस तरी, आणि थांबवायच्या आधी दोन-तीन दिवस ताप नसलेला पाहिजे. बरं वाटलं म्हणून तिसऱ्या दिवशी आपणच बंद करायचं नाही आणि भीती वाटते म्हणून पंधरा दिवस ओढायचंही नाही. खोकला अजून तीन आठवडे होता. थकवा दीड महिना. दादा दर आठवड्याला एक्स-रे काढू म्हणत होता, त्याला थांबवलं, कारण माणूस बरा होतो तेव्हा एक्स-रे मागे राहतो, साफ व्हायला सहा आठवडे किंवा जास्तही लागतात. आम्ही सहा आठवड्यांनी काढला, बिडी ओढणाऱ्यांनी तर काढायचाच, त्या डागाच्या मागे दुसरं काही लपलेलं नाही ना हे बघायला. साफ होता. मग न्यूमोनियाची लस घेतली, फ्लूची दरवर्षी घ्यायची ठरलीये. लहान बाळांना न्यूमोनियाची लस आता सरकारीमध्ये फुकट मिळते, म्हाताऱ्यांचं आपलं आपल्याला बघावं लागतं.

मार्चमध्ये निफाडला गेले, द्राक्षांचा खुडा म्हणजे काढणी चालू होती. दादाने हिशोबासाठी फवारणीचं रजिस्टर काढलं आणि हसत माझ्यापुढे केलं. जानेवारीच्या पानावर दोन फवारण्यांच्या मध्ये नानांच्या अक्षरात एक ओळ होती. औषध, सेफ्ट्रायॅक्झोन. प्रमाण, २ ग्रॅम रोज, ७ दिवस. कशासाठी, छाती. खाली कंसात, पेनिसिलिनचा संशय, गांधी. आणि काढणीला बाकी दिवस या रकान्यात नुसती एक आडवी रेघ मारलेली.